तिसऱ्या दिवशीचे गवत

मित्रांनो, मी एक जुनी घंटा आहे. देवळातली नव्हे आणि शाळेतलीही नव्हे. मी बकरीच्या गळ्यातली घंटा आहे, तळहाताएवढी, लोखंडी पत्र्याची. अंगावर पितळेचा मुलामा होता, तो आता ठिकठिकाणी उडाला आहे. तुम्ही मला हलवून पाहाल तर मी वाजणार नाही. का वाजणार नाही, तेच सांगायला बसले आहे.

माझा जन्म टिरोलच्या डोंगरांत, ओबरलेर्ख गावाखालच्या लोहारशाळेत झाला. लोहाराने पत्रा ठोकून मला आकार दिला, माझ्यावर पितळेचे तुकडे ठेवले, मला चिखलाने लिंपले आणि भट्टीत घातले. थंड झाल्यावर चिखल फोडला तेव्हा मी अशी काही चमकत होते की लोहार स्वतःच खूश झाला. मला न्यायला गेबहार्ट नावाचा तरुण आला होता. त्याच्या घरी बकऱ्या होत्या. सोबत त्याची होणारी बायको बुर्गा होती. तिने मला वाजवून पाहिले आणि म्हणाली, "हीच घे. हिचा आवाज माझ्यासारखा आहे, पलीकडच्या डोंगरावर ऐकू जाईल."

"मग घरात दोन-दोन कशाला?" गेबहार्ट म्हणाला. तिने त्याला कोपर मारले, आणि मी त्यांच्या घरी आले.

पुढे कितीतरी उन्हाळे मी गाम्सी नावाच्या म्होरक्या बकरीच्या गळ्यात काढले. जूनमध्ये कळप वरच्या कुरणावर चढायचा आणि सप्टेंबरात खाली उतरायचा. धुक्यात हातभर अंतरावरचे दिसत नसे, तेव्हा सारा कळप माझ्या आवाजामागून चालायचा. मी गर्विष्ठ होते, खोटे कशाला बोलू? पण काम चोख करत होते.

आमच्याकडे एक रीत आहे. कळप खाली उतरतो तेव्हा जनावरांच्या शिंगांना फुले बांधतात आणि घंटांचा नुसता कल्लोळ होतो. पण त्या उन्हाळ्यात घरातले कोणी गेलेले असेल, तर फुले नाहीत. घरातल्या प्रत्येक घंटेच्या तोंडात गवताचा बोळा भरतात. कळप मुक्याने गावात शिरतो. ते गवत दोन दिवस तसेच राहते. तिसऱ्या दिवशी ज्याने घातले त्यानेच ते आपल्या हाताने काढायचे, दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. गेबहार्टचे वडील गेले तेव्हा त्याने माझ्या तोंडात गवत भरले होते. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटे लाकूड फोडताना गेलेली, म्हणून तो डाव्या हाताने गवताला पीळ घालायचा. सगळ्या गावाचा पीळ एका बाजूला, त्याचा दुसऱ्या बाजूला. तिसऱ्या दिवशी त्याने गवत काढले, मला गालाशी धरले आणि रडला. मग मी पुन्हा वाजू लागले.

गाम्सी म्हातारी होऊन मेली. तिच्यामागून आलेल्या बकरीला आजोबांनी नवी, मोठी घंटा आणली. होय, गेबहार्ट आता आजोबा झाले होते. मी गोठ्यातल्या खिळ्यावर गेले आणि अकरा वर्षे तिथे लटकत राहिले. कोळ्याने माझ्यात जाळे विणले. एके काळी सारा डोंगर माझ्या मागे चालायचा, हे त्या कोळ्याला कोण सांगणार!

मी पुन्हा खाली आले ती वेव्हीमुळे. वेव्ही आजोबांची नात. तिचे आईबाप इन्सब्रुक शहरात नोकरी करतात, पण ती प्रत्येक सुट्टीत गावाला पळून यायची आणि शेवटी एकोणिसाव्या वर्षी कायमचीच आली. सोबत तिची डोंगरी सायकल होती, जाड चाकांची. गोठ्याच्या अर्ध्या भागात सायकली दुरुस्त करायचे दुकान काढायचे आणि इथेच राहायचे, एवढेच तिचे स्वप्न होते. अडचण एकच. वरच्या कुरणावरून गावात उतरणारी पायवाट संरक्षित उद्यानातून जाते आणि तिच्यावर सायकलींना बंदी होती. वाट नाही तर सायकली नाहीत, सायकली नाहीत तर दुकान नाही.

त्या वसंतात अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये गावाची सभा भरली. वेव्हीने आपले म्हणणे मांडले. मग क्विरीन उभा राहिला. क्विरीन म्हणजे आजोबांचा लहानपणापासूनचा मित्र. चाळीस वर्षे तो ती पायवाट सांभाळत होता. पावसाचे पाणी वाट खाऊन टाकते, म्हणून वाटेवर आडवे दगड बसवून पाणी बाजूला काढायचे, हे त्याचे काम.

"चाकाने चर पडतो, चरातून पाणी पळतं, आणि दोन वर्षांत वाट दरीत," तो म्हणाला. "आणि ही पोरगी वरून येते तेव्हा मला वाटतं डोंगरच सुटलाय."

"मग बाजूला हो की! बकऱ्या होतात," आजोबा बसल्या जागेवरून ओरडले.

"बकऱ्यांना चार पाय असतात, गेबहार्ट. माझ्याकडे दीड उरलाय."

हॉल हसला. वेव्ही मात्र हसली नाही. ती म्हणाली, "क्विरीनकाका, प्रत्येक सायकलीला घंटा बांधू. हातानं वाजवायची नाही, बकरीच्या गळ्यातल्यासारखी आपोआप वाजणारी. तुम्हाला लांबूनच कळेल. आणि जेवढे चर पडतील तेवढे मी तुमच्याबरोबर बुजवीन."

क्विरीनने डोके खाजवले. "एक उन्हाळा," तो म्हणाला. "ऑक्टोबरात पुन्हा हात वर करू. पण घंटा नसेल तर सायकल नाही."

त्याच दुपारी आजोबांनी मला खिळ्यावरून काढून वेव्हीच्या हातात दिले. बुर्गा आजींनी चामड्याचा पट्टा शिवून मला सायकलीच्या हँडलला बांधले आणि म्हणाल्या, "आता माझा आवाज तुझ्याबरोबर असेल."

मित्रांनो, तो उन्हाळा माझ्या आयुष्यातला सर्वांत सुखाचा होता. दगडांवरून सायकल उतरायची आणि मी खणखणत असायचे. गाई मान वर करून बघायच्या आणि पुन्हा चरायला लागायच्या. त्यांना मी ओळखीची होते. क्विरीन काम थांबवून बाजूला व्हायचा. वेव्ही थांबायची, त्याचे टिकाव-फावडे सायकलीवर लादून पुढच्या वळणाशी पोचवायची आणि तासन् तास त्याच्याबरोबर दगड बसवायची. तो आधी तिच्या प्रत्येक दगडाला नावे ठेवायचा. जुलैत त्याने नावे ठेवणे सोडले. ऑगस्टमध्ये त्याने आपल्या डब्यातले धुरावलेले मांस आणि काळा पाव तिला अर्धा दिला. एकदा म्हणाला, "आता मी मागं वळून बघतसुद्धा नाही. घंटा ऐकली की बाजूला, नाही ऐकली की वाट माझी. ऑक्टोबरात माझा हात तुझ्या बाजूनं, जा."

ऑगस्टच्या शेवटी बुर्गा आजी गेल्या. सकाळी अंगणात कपडे वाळत घालत होत्या, तिथेच बसल्या आणि उठल्या नाहीत.

तीन आठवड्यांनी कळप उतरवायचा दिवस आला. आजोबा पहाटे कुरणावरच्या झोपडीबाहेर बसले आणि एकेका घंटेत गवत भरू लागले.  वेव्हीची सायकल झोपडीला टेकवून ठेवली होती, कारण त्या दिवशी सगळे कळपाबरोबर पायी जाणार होते. बकऱ्यांच्या घंटा संपल्या तसे आजोबा माझ्यापाशी आले. त्यांचे डोळे भरलेले होते. मी कशाला बांधलेली आहे हे त्यांनी पाहिलेच नाही. ती बुर्गाने निवडलेली घंटा होती, घरातली घंटा होती, एवढेच त्यांना दिसले. त्यांनी डाव्या हाताने पीळ घातला आणि बोळा माझ्या तोंडात घट्ट बसवला.

दुसऱ्या दिवशी रिमझिम पाऊस होता. झोपडी बंद करून सायकल खाली आणायला वेव्ही एकटी वर आली. तिने मला पाहिले. तिची बोटे गवतापर्यंत आली आणि तिथेच थांबली. "आजोबांनी घातलंय," ती स्वतःशी म्हणाली. "उद्या तेच काढतील." मग म्हणाली, "प्रत्येक वळणावर ओरडत जाईन."

आणि ती ओरडली, मित्रांनो. मी साक्षीदार आहे. प्रत्येक वळणावर ती हळू झाली आणि "आले, आले!" म्हणून ओरडली. पण झऱ्याच्या वळणावर पाण्याचा आवाज फार असतो. माणसाचा आवाज तिथे बुडतो. माझा कधीच बुडत नसे.

वळणापलीकडे क्विरीन पाठमोरा गुडघ्यावर बसून दगड बसवत होता. ऑक्टोबरच्या सभेआधी वाट नीट दिसावी, म्हणून पावसात आला होता. त्याने मागे वळून पाहिले नाही. कशाला पाहील? घंटा वाजली नव्हती.

माझ्या आत लोलक गवतावर आपटत होता. मी किती धडपडले ते कोणाला सांगू? माझ्यातून हूं की चूं निघाले नाही.

सायकलीची धडक बसून क्विरीन वाटेखाली दोन पुरुष खोल घसरला. सायकल त्याच्याच अंगाशी जाऊन पडली. वेव्ही खरचटत खाली उतरली, फोन करून मदत मागितली आणि त्याचे डोके मांडीवर घेऊन बसली. मग तिची नजर माझ्यावर गेली. तिने पट्टा सोडला आणि मला गवतासकट जाकिटाच्या खिशात कोंबले. त्याआधी क्विरीनने एकदा डोळे उघडून माझ्याकडे पाहिले होते. वेदनेने त्याला काही दिसत नसावे, असे मला वाटले.

बचाव पथकातल्या माणसाने विचारले, "घंटा कुठाय गं तुझी?"

"घरी राहिली," वेव्ही म्हणाली. "विसरले."

क्विरीनच्या कमरेचे हाड मोडले होते. तो जगला, पण पुन्हा डोंगर चढणार नव्हता. आजोबांना खरे काय ते कळलेच नाही. घंटा विसरली, एवढेच त्यांनी ऐकले, आणि तिसऱ्या दिवशी ते बकऱ्यांच्या घंटांतले गवत काढायला बसले तेव्हा माझी आठवण कोणालाच झाली नाही. दुःखात आणि रागात माणूस मोजदाद विसरतो. त्या रात्रीच्या जेवणाला ते वेव्हीला एवढेच म्हणाले, "बकरीलासुद्धा कळतं गं, घंटेशिवाय निघू नये. तुझ्या आजीची होती ती."

वेव्ही खाली मान घालून जेवत राहिली. मी खिशात होते. माझे तोंड भरलेले नसते तर तेव्हा तरी ओरडले असते.

ऑक्टोबरच्या सभेला तिने तेच जाकीट घातले होते. क्विरीनला चाकांच्या खुर्चीतून आणले होते. सगळे त्याच्याकडे बघत होते, पण तो बोलला नाही. वेव्ही उठली. "नियम मी मागितला होता आणि मीच मोडला," ती म्हणाली. वाट सायकलींना बंद करावी, असे म्हणणाऱ्यांना हात वर करायला सांगितले तेव्हा पहिला हात तिचा वर गेला. 

नाताळाआधी ती इन्सब्रुकला निघून गेली. ओले जाकीट गोठ्याच्या दारामागे लटकत राहिले आणि त्याच्या खिशात मी.

मे महिन्यात आजोबा कुरणावर जायची तयारी करताना जाकीट झटकायला लागले. मी त्यांच्या हातात आले. त्यांनी मला फिरवून पाहिले. गवत काळे पडले होते, पण पीळ तसाच होता. उलट्या बाजूचा.

 मग ते मला घेऊन तडक क्विरीनकडे गेले. तो खिडकीशी खुर्चीत बसला होता. आजोबांनी मला त्याच्या मांडीवर ठेवले.

"माहितेय मला," क्विरीन म्हणाला.

"कधीपासून?"

"पडलो तेव्हापासून. नाकासमोरच होतं. तुझा पीळ मी ओळखणार नाही?"

"मग बोलला का नाहीस, गाढवा?"

"बुर्गाला जाऊन महिना झाला नव्हता. त्यात हेही तुझ्या डोक्यावर कुठं घालू?" क्विरीन म्हणाला. "पोरगी गप्प राहिली ती तुझ्यासाठीच. मग मीही राहिलो. मला वाटलं, आपण तुला सांभाळतोय."

"आणि तिला कोण सांभाळत होतं रे?"

क्विरीनने मला उचलून आजोबांच्या हातात परत दिले. 

आजोबांनी तिथूनच वेव्हीला फोन लावला. तिकडे फोन वाजत असताना त्यांनी माझ्या तोंडातले गवत ओढून काढले. ते भुगा होऊन त्यांच्या विजारीवर सांडले. वेव्ही "हॅलो" म्हणाली. आजोबांच्या तोंडून शब्द फुटेना, म्हणून त्यांनी मला फोनजवळ धरले आणि हलवले. माझा आवाज ऐकला की तिला सगळे समजेल, असे त्यांना वाटले असावे.

पण आठ महिने ओल्या गवतात राहून माझा लोलक गंजला होता आणि पत्र्याला चिकटला होता. त्यांनी पुन्हा हलवले. दोन्ही हातांनी हलवले.

"हॅलो? आजोबा?" तिकडून वेव्ही म्हणत होती. "आजोबा, तुम्ही आहात ना? काही ऐकू येत नाहीये."

मित्रांनो, ती वाट सायकलींची की पायी चालणाऱ्यांची, हे तुम्ही मोठे झालात की ठरवा. दोन्ही बाजूंनी बोलणारी चांगली माणसे मी पाहिली आहेत. मी नुसती घंटा आहे आणि माझे मागणे छोटे आहे. ज्याच्या आवाजावर कोणी भरवसा ठेवला असेल, त्याचे तोंड प्रेमाने सुद्धा बंद करू नका. आणि केलेत, तर तिसऱ्या दिवशी गवत काढायला विसरू नका. चौथ्या दिवशी फार उशीर झालेला असतो.