जबडा बांधलेला असताना

शिडी घसरली आणि रंगारी तोंडावर आपटला. जबडा मोडला. डॉक्टरांनी वरचे-खालचे दात तारेनं एकत्र बांधले. हाड जुळेपर्यंत सगळं पातळ, स्ट्रॉनं ओढायचं.

तो थोरल्या भावाकडे राहायला आला. दुपारी घर रिकामं व्हायचं, वेळ जाता जात नसे. म्हणून वहिनीनं ग्रंथालयातून एक जाडजूड कादंबरी आणली. मुखपृष्ठावर समुद्र होता. आत मात्र बंदरावरची खानावळ, ती चालवणारी बाई आणि पानोपानी खाणंच खाणं.

थोरल्यानं चार पानं चाळली आणि तो बायकोवर उखडला. "अगं, याला छळायचं ठरवलंयस का?"

वहिनी ओशाळली. "द्या भाऊजी, बदलून आणते."

रंगाऱ्यानं पुस्तक छातीशी धरलं. "राहू दे," तो दातांतल्या दातांत म्हणाला.

आजवर त्याचं जेवण म्हणजे शिडीखाली बसून डबा उरकणं. बोटांना टर्पेंटाइनचा वास, तोंडातला घास कशाचा याचा पत्ता नाही. आता तो खिडकीशी बसून एकेक ओळ चघळायला लागला. खानावळवाली लोण्यात कांदा टाकायची. तो हळूहळू काचेसारखा व्हायचा, मग कडेनं मधाच्या रंगाचा. पावाचं कवच तिच्या हाताखाली कुरकुरायचं. पेअर कापताना रस मनगटावरून ओघळायचा. रंगाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटायचं, आणि गिळताना ते खरंच गोड लागायचं. ऊन सरकत भिंतीवर यायचं, तेव्हा ती भिंतसुद्धा त्याला सायीची वाटायची. स्ट्रॉमधलं पांचट सूप कधी संपलं, कळायचंही नाही.

एका दुपारी वहिनी लवकर परतली. तो डोळे मिटून बसला होता.

"दुखतंय का?"

"नाही. मासा भाजतेय ती. थांब जरा."

वहिनी शेजारी टेकली. पुस्तक हातात घेतलं आणि मोठ्यानं वाचायला लागली. संध्याकाळी थोरला आला, तर स्वयंपाकाचा पत्ता नाही आणि दोघं अजून खानावळीतच. तो कुरकुरत खाली बसला, आणि ऐकता ऐकता पुढे सरकला.

तारा निघाल्या त्या दिवशी वहिनीनं बटाटा उकडून मऊ कुस्करला, वर लोणी सोडलं. जबडा आखडला होता. चमचा जेमतेम आत गेला. लोणी जिभेवरून कडांकडे पसरलं, मागून बटाट्याची मातकट गोडी आली. रंगाऱ्यानं डोळे मिटले.

"अरे, कसं लागतंय ते तरी सांग!" थोरला अधीर झाला.

"घाई करू नकोस," रंगारी डोळे मिटूनच म्हणाला. "अजून लागतंय."