सत्यवतीला एवढं सांगा

मी पितळेचा गंज, म्हणजे मोठं भांडं आहे, आणि मला आज जरा घाईनं बोलायचं आहे. उद्या सकाळी लक्ष्मणराव मला पोत्यात घालून एसटीनं भंडाऱ्याला नेणार आणि मोडीत देणार. मोडीत गेलेलं भांडं भट्टीत वितळतं. वितळायची मला भीती नाही हो, जन्मलोच मी तिथं. पण एक गोष्ट लक्ष्मणरावाच्या बायकोला, सत्यवतीला, ठाऊक नाही. ती फक्त मला ठाऊक आहे. ती माझ्याबरोबर गेली तर त्या बाईचा घोर जन्मात सुटायचा नाही.

पहिल्यापासून सांगतो. गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्याच साली सत्यवतीचं लग्न झालं. तिच्या बापानं भंडाऱ्याच्या दुकानात टिचकी मारून माझा आवाज ऐकला, आणि काठावर ठिपक्याठिपक्यांनी नाव घालून घेतलं: 'चि. सत्यवतीस वडिलांकडून'. तुम्ही ज्याला पातेलं म्हणता त्याला आमच्याकडे गंज म्हणतात. माझ्यात तीस माणसांची भाजी शिजायची. आतली कल्हई तर अशी, की वाकून पाहणाऱ्याला स्वतःचं तोंड दिसावं. थोडा माज होता मला, कबूल करतो.

सानगडीला आलो. पुढच्या साली लेक झाली, सरिता. घरची सरू. पाच वर्षांची झाली तेव्हा तिचे हातपाय ठणकायला लागले, डोळे पिवळे पडले. भंडाऱ्याच्या दवाखान्यात रक्त तपासलं, तर सिकलसेल निघाला, रक्तातला जन्माचा आजार. थंडीत तो डोकं वर काढतो. डिसेंबर आला की सत्यवती सरूच्या अंगावरचं पांघरूण हलू द्यायची नाही.

सातव्या वर्षी ऐन नाताळात ती दवाखान्यात होती. चार दिवस अन्नाला शिवली नव्हती. तिथल्या एका सिस्टरनं घरून डबा आणला. त्यात चांदणीच्या आकाराची बिस्किटं, वर दाणेदार साखर. सरूनं तीन खाल्ली आणि चौथं मागितलं. सत्यवती तिथंच रडायला लागली. हे सगळं मी नंतर चुलीपाशी ऐकलं.

नाताळ काही आमच्या घरचा सण नव्हे. आमच्या भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर. पण ज्या बिस्किटानं पोरगी जेवती झाली, ते सत्यवतीला कुठल्याही सणाहून मोठं झालं. सिस्टरनं कागदावर कृती लिहून दिली, आणि खाली लिहिलं, ओव्हन नसेल तर जड भांड्यात वाळू तापवा आणि तिच्यावर ताटलीत भाजा.

घरात जड भांडं एकच. मीच!

चुलबंद नदीची वाळू माझ्यात ओतताना पाहून शेजारची शकुनबाई ओरडली, "अवं बाई, काय करून राहिली? कोरडा तापवशीन त कल्हई जळून जाईन! मंग काहीच रांधता येनार नाही याच्यात."

"जळू दे," सत्यवती म्हणाली. "भाजीले दुसरं भांडं भेटन. माह्या पोरीनं खाल्लं पाहिजे."

त्या दिवशी माझी कल्हई गेली ती गेलीच. मला असा राग आला म्हणता! पहिला घाणा खालून कोळसा आणि वरून कच्चा निघाला, तेव्हा मनातून बरंच वाटलं मला. पण बाई हटली नाही. झाकणावर निखारे ठेवायला शिकली. लक्ष्मणराव राइस मिलमध्ये कामाला. त्यानं तेलाच्या डब्याचा पत्रा वाकवून चांदणीचा साचा केला. मैदा, तूप, साखर, एक अंडं. दुसऱ्या साली अशी बिस्किटं झाली, की वासानं शेजारपाजार दारात.

बिस्किटं निघाली की सत्यवती तीच गरम वाळू जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधायची आणि सरूचे गुडघे शेकायची. सरू बिस्किट खात शेक घ्यायची. एकदा म्हणाली, "माय, गंज किती भला हाय वं. दोन-दोन कामं करते." झालं, माझा राग तिथंच संपला. तेव्हापासून ती माझ्याशी बोलायलाही लागली. एकट्या दुखणाईत पोरीला बोलायला कुणीतरी लागतंच.

बाराव्या वर्षी मात्र पीठ मळून ठेवलेलं आणि तिचं अंग दुखायला लागलं. तिनं सांगताच सत्यवतीनं सगळं टाकून तिला दवाखान्यात नेलं. दहा दिवसांनी परत आल्या, तोवर पीठ आंबून गेलं होतं. त्या वर्षी घरात कुणी हसलं नाही.

मग पुढच्या सालचा नाताळ आला. चोवीस तारीख, दुपारची वेळ. पहिला घाणा माझ्या पोटात. सत्यवती काड्या आणायला अंगणात गेली, आणि सरूनं गुडघे गच्च धरले. मग छाती धरली. ओठ चावून ती मला हळूच म्हणाली, "गंजा, मायले सांगजो नोको. सांगतलं त आताच मले दवाखान्यात घेऊन जाईन. सालातून येकच दिवस माय हासते. येवढा घाणा होऊ दे."

सत्यवती आत आली तेव्हा पोरगी नीट बसली होती. म्हणाली, "माय, वास कसा मस्त येऊन राहिला!" गरम बिस्किट तिनं खाल्लं, एक मायच्या तोंडात घातलं. सत्यवती खळखळून हसली.

तासाभरात सरूला श्वास घेता येईना. साकोलीपर्यंत ऑटो, तिथून गाडी. भंडारा यायच्या आत सगळं संपलं.

त्याला दोन वर्षं झाली. सत्यवती येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच सांगते, "मी बिस्कुटं भाजत बसली, अन् बाजूले माही पोरगी मरून राहिली होती. मले दिसलं नाही." माझ्याकडे तिला पाहवत नाही. काल लक्ष्मणराव म्हणाला, "तुह्या बापानं देल्ला हाय, राहू दे न." ती म्हणाली, "न्या त्याले. त्याच्यापाशीच आंधळ्यावानी बसली होती मी."

आंधळी! एक तास आधी कळलं असतं तर पोरगी वाचली असती का, ते मला नाही सांगता यायचं. मी भांडं. पण पोरीनं काय केलं ते मी पाहिलंय. तिनं सांगू नको म्हटलं होतं, ते त्या एका तासापुरतं. आईनं जन्मभर स्वतःला शाप देत बसावं म्हणून नव्हे.

माझ्याच्यानं मोठ्यानं बोलवत नाही. तुमच्याच्यानं बोलवतं. सानगडीला कुणी गेलात तर सत्यवतीच्या दाराशी थांबा, पाणी मागा, आणि तिला सांगा, बाई, तू आंधळी नव्हतीस. तुझ्या लेकीनं लपवलं. तिला तुला हसताना पाहायचं होतं, आणि तू हसलीस. ते पाहून गेली ती.