ब्रेकबाई इंजिन उघडतात

गाडी शिकवणाऱ्या बाईंना त्यांचे विद्यार्थी पाठीमागे ‘ब्रेकबाई’ म्हणत, आणि हे बाईंना चांगलं ठाऊक होतं. शिकवण्याच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. बाई तो असा काही दाबत, की शिकणाऱ्याच्या तोंडातलं वाक्य तोंडातच राही. पण बाईंच्या हाताखालून गेलेला माणूस पुढे जन्मभर आरशात बघितल्याशिवाय वळत नसे, त्यामुळे नाव ठेवणारेच आपल्या मुलींना त्यांच्याकडे पाठवत.

गाडी जुनी होती. बाई तिला म्हातारी म्हणत. मात्र सासूबाई जवळपास नाहीत याची खात्री करून, कारण घरात म्हातारी म्हटलं की कान दोघींचे टवकारले जातील अशी त्यांना भीती. तर या म्हातारीला गेल्या काही दिवसांपासून गळती लागली होती. रात्री गाडी उभी केली की सकाळी फरशीवर तेलाचा बशीएवढा डाग.

गॅरेजवाल्याने वाकून बघितलं आणि तो चुकचुकला. “टायमिंग कव्हरचं पॅकिंग गेलंय, बाई.” इंजिनाच्या पुढच्या तोंडाला एक झाकण असतं, आत साखळी फिरते, तिच्यावर सतत तेल पडत असतं. झाकण आणि इंजिन यांच्यामध्ये कागदासारखं पातळ पॅकिंग. ते वाळून चिरलं की तेल बाहेर. पॅकिंग हातात घेतलं तर फुंकरीने उडेल, पण तिथवर पोचायला अर्धी गाडी खोलावी लागते. “ठेवून जा, पुढच्या आठवड्यात बघू,” गॅरेजवाला म्हणाला. त्याचा पुढचा आठवडा कधी उगवल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. आणि म्हातारीची सरकारी तपासणी सोमवारी होती. तेल गळणारी गाडी तिथे पास होत नाही.

एवढंच असतं तर बाईंनी एक तारीख पुढे ढकलली असती. पण गोष्ट घरात अडली होती. बाईंचे यजमान गेल्यावर शिकवण्याचा परवाना सासूबाईंच्या नावावर झाला होता. धाकट्या दिराची स्वतःची मोठी ड्रायव्हिंग स्कूल होती, काचेच्या दाराची. परवाना त्याला हवा होता. “वहिनींनी उन्हातान्हात कशाला फिरायचं? माझ्या ऑफिसात बसावं, फोन घ्यावेत,” असं तो दर भेटीला म्हणे. ऐकायला गोड होतं, पण बाईंना ते ऐकताना अंगावर कुणी गार पाणी ओतल्यासारखं होई.

शुक्रवारी जेवताना सासूबाईंनी निकाल लावला. “सोमवारी गाडी पास झाली तर तुझी शाळा तुला लखलाभ. नाही झाली तर मी धाकट्याला सही देते. मला आता हा रोजचा घोर नको.”

“चालेल,” बाई म्हणाल्या आणि भात कालवू लागल्या. कालवून झालेला भात पुन्हा कालवत राहिल्या.

शनिवारी उजाडताच त्यांनी यजमानांचा जुना शर्ट चढवला, बाह्या कोपराच्या वर नेल्या आणि गाडीचं बॉनेट उघडलं. यजमान असताना पाने हातात देण्याचं काम त्यांचं होतं, त्यामुळे कुठला पाना कुठे लागतो हे त्या डोळे मिटून सांगत. फक्त पाना फिरवायची पाळी कधी आली नव्हती. गाडीबरोबर आलेलं दुरुस्तीचं जाडजूड पुस्तक त्यांनी विटेला टेकून उभं केलं. रेडिएटरचं पाणी बादलीत काढलं, रेडिएटर बाहेर, पंखा बाहेर, पट्टा बाहेर. मग आली पुली, म्हणजे पट्टा फिरवणारं चाक. तिचा मधला बोल्ट वर्षानुवर्षं तिथेच नांदत होता आणि त्याला निघायची मुळीच इच्छा नव्हती. पाना लावला की बोल्टाबरोबर अख्खं इंजिनच फिरे. पुस्तकात लिहिलं होतं: गाडी वरच्या गिअरात टाका आणि कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा.

घरात ‘कुणीतरी’ एकच होतं.

“आई, जरा गाडीत बसता का?”

सासूबाई कुरकुरत आल्या, शिकवणाऱ्याच्या सीटवर बसल्या आणि चप्पल काढून ब्रेकवर पाय ठेवला. “दाबा,” बाई ओरडल्या. “दाबतेय की!” “आणखी!” “अगं, पाय खाली रस्त्यावर निघायचा आता!” बाईंनी पान्याला लोखंडी नळीचा तुकडा जोडला, नळीवर सगळा भार टाकला, दात-ओठ खाल्ले. कड् असा आवाज झाला. बाईंना वाटलं मनगट गेलं. पण सुटला होता बोल्ट. सासूबाईंनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. “झालं? की आणखी कुणाला थांबवायचंय?” बाई जमिनीवर बसल्या बसल्या हसत सुटल्या.

झाकणाचे बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे होते. कुठला कुठे जातो हे विसरू नये म्हणून बाईंनी चपलांच्या खोक्याच्या झाकणावर इंजिनाच्या तोंडाचं चित्र काढलं आणि जो बोल्ट निघेल तो चित्रात त्याच्या जागी टोचून ठेवला. झाकण निघालं. जुनं पॅकिंग खपलीसारखं चिकटलेलं होतं, ते त्यांनी प्लास्टिकच्या जुन्या मोजपट्टीने खरवडून काढलं. लोखंडाने खरवडलं आणि ओरखडा पडला तर तेल तिथूनच वाट काढतं. दुपार होत आली तेव्हा दोन्ही बाजू आरशासारख्या झाल्या होत्या. फटी बुजवणाऱ्या सिलिकॉनची घरातली ट्यूब मात्र दगड झालेली निघाली, म्हणून बाई नवी ट्यूब आणि नवं पॅकिंग आणायला दुकानात गेल्या.

परत येऊन बघतात तो चित्राचं पुठ्ठ्याचं झाकण रिकामं. आणि पायरीवर स्टीलच्या वाडग्यात सगळे बोल्ट, साबणाने धुतलेले, फडक्याने पुसलेले, चकाचक.

सासूबाई समोर उभ्या होत्या. तोंडावर कौतुक करून घ्यायची तयारी. “किती मेणचट झाले होते गं. एकेक घासला.”

या घरात कुठलीही वस्तू मळकी दिसली की सासूबाईंचे हात शिवशिवत. आलेल्या पाहुण्याचा चष्मासुद्धा त्या मागून घेऊन पुसत. बाईंना हे माहीत होतं. पण त्या क्षणी त्यांना फक्त सोमवार दिसला आणि त्यांचा तोल गेला.

“मुद्दाम केलंत ना? शाळा बंदच करायची आहे तुम्हाला! सरळ सांगायचं होतं, कशाला राबवलंत मला सकाळपासून?”

सासूबाईंचा चेहरा खर्रकन उतरला. त्या पायरीवर बसल्या.

“बंद व्हावी असं वाटतं मला. खोटं नाही बोलणार. रोज तू कुणा नवख्याच्या हातात जीव देऊन बसतेस. त्याचा पाय चुकला तर? दिवसभर माझे कान फाटकाकडे असतात. फाटक वाजलं की मी श्वास सोडते. एक मुलगा गेला माझा. आता उरलीस तू.” त्यांनी वाडगा पुढे सरकवला. “पण म्हणून तुझे बोल्ट मी लपवेन? मला कळलं नाही गं, त्यांना जागा असतात ते.”

बाईंना स्वतःचीच लाज वाटली. रागही पुरता गेला नव्हता. दोन्ही एकदम पोटात घेऊन त्या इंजिनापुढे जाऊन बसल्या आणि वाडग्यातले बोल्ट चिवडत राहिल्या. लांब बोल्ट आखूड भोकात गेला तर झाकण आवळलंच जाणार नाही. आखूड बोल्ट लांब भोकात गेला तर धरणार नाही. पुस्तक याबाबत मूग गिळून बसलं होतं.

शेवटी त्यांनी झाकण नुसतंच, कोरडं, इंजिनावर धरून बघितलं. एक बोल्ट भोकात सोडला. तो आत जाऊन आट्यांना टेकला आणि डोकं थोडं बाहेर राहिलं. दुसरा सोडला, त्याचं डोकं बरंच बाहेर. तिसऱ्याचं डोकं थेट झाकणाला टेकलं. बाईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. झाकण कुठे जाड, कुठे पातळ, पण इंजिनाच्या आट्यांत शिरणारा भाग सगळ्या बोल्टांचा सारखाच असणार. मग बरोबर बोल्ट बरोबर जागी गेला तर सगळ्यांची डोकी सारखीच वर राहायला हवीत.

त्या बदलत गेल्या. हा इकडे, तो तिकडे. सासूबाई केव्हा मागे येऊन उभ्या राहिल्या ते कळलंही नाही. “तो कोपऱ्यातला उंच दिसतोय,” त्या हळूच म्हणाल्या. होताच तो उंच. बदलला. शेवटी सगळी डोकी शाळेतल्या रांगेसारखी एका उंचीत उभी राहिली. बाईंनी झाकण पुन्हा काढलं, नवं पॅकिंग बसवलं, कडेने सिलिकॉन लावलं आणि बोल्ट थोडे थोडे, आलटून पालटून आवळत आणले. मनात मात्र अजून दुपारचं भांडणच घोळत होतं. रात्रभर सिलिकॉन सुकू दिलं.

रविवारी सकाळी पुली, पट्टा, पंखा, रेडिएटर परत जागेवर गेले आणि दुपारी इंजिन सुरू झालं. म्हातारी खोकली, थरथरली आणि गुरगुरायला लागली. बाईंनी गाडीखाली पांढरा कागद पसरला. कागद कोरा राहिला. सासूबाईंनी दोन कप चहा करून आणला. बाईंनी पहिला घोट घेतला आणि सहज खाली बघितलं.

कागदावर एक थेंब होता.

त्या सरपटत गाडीखाली गेल्या. खालचा डावा कोपरा, झाकण इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यावर टेकतं ती जागा. तिथे सिलिकॉनचा जास्तीचा ठिपका द्यायचा असतो. उजवीकडे दिला होता. डावीकडे रागाच्या भरात राहून गेला होता.

नेमका तेव्हाच फाटकाशी हॉर्न वाजला. दीर आला होता, इस्त्रीच्या शर्टात, कागदांची फाइल घेऊन. एक दिवस आधीच. त्याने थेंब बघितला. माणूस वाईट नव्हता. वहिनीची काळी पडलेली नखं बघून त्याला खरंच वाईट वाटलं.

“वहिनी, एका थेंबाचं काय एवढं? सकाळी खालून पुसून न्या. तो अधिकारी पाच मिनिटं बघतो. पास होईल.”

“कळेल का गं त्याला?” सासूबाईंनी विचारलं.

“नाही कळणार,” बाई म्हणाल्या.

“मग ने की पुसून.”

बाई गाडीला टेकून उभ्या राहिल्या. पुसून नेली की उद्या शाळा त्यांची. किती सोपं होतं.

“नाही नेणार. आज थेंब आहे, महिन्याने धार होईल. तेल संपलं आणि भर चढावर इंजिन जाम झालं, तर स्टिअरिंगवर कुणाचं तरी पोर असेल. झाकण पुन्हा काढावं लागेल, पुन्हा सुकवावं लागेल. उद्या जमणार नाही.” त्या दिराकडे वळल्या. “तुमच्या मनासारखं झालं, भाऊजी. आईंना फाइल द्या.”

आणि त्यांनी बादली रेडिएटरखाली सरकवली.

दिराने फाइल उघडली, पेनाचं टोपण काढलं. सासूबाईंनी पेन हातात घेतलं, टोपण पुन्हा लावलं आणि पेन त्याच्या खिशात खोचून दिलं.

“आई! तू शब्द दिला होतास. सोमवार म्हणाली होतीस.”

“मुदत मी घातली होती. मीच वाढवते.”

“किती वाढवतेस?”

“होईल तेव्हा होईल. तिला विचार.”

“पण पुढची तारीख मिळेपर्यंत शिकवणी बंद राहील. आणि तुझा तो घोर? रोज फोनवर मलाच ऐकवतेस ना?”

“लागतो ना घोर. लागणारच. तिला तुझ्या ऑफिसात बसवलं तरी मला काही ना काही सापडेलच.” सासूबाई खाली वाकल्या आणि सुनेच्या खांद्यावर हात ठेवला. बाईंना आता हुंदका आवरेना, आणि त्यांनी आवरायचा प्रयत्नही केला नाही. “इतके दिवस मला वाटायचं, हिचा जीव त्या नवख्यांच्या हातात असतो. उलटं आहे ते. त्यांचा जीव हिच्या हातात असतो. आणि हे हात थेंब पुसून नेत नाहीत.”

दिराने फाइल गाडीच्या टपावर ठेवली आणि इस्त्रीच्या शर्टाकडे एकदा बघून बाह्या दुमडायला लागला.