हम्मूची जुनी वेळ

प्रसूतिगृहातला इंटरनेटचा डबा सकाळपासून नारिंगी दिवा लावून बसला होता. तीन वाजता आगादीर शहरातले डॉक्टर पडद्यावर तूदाची सोनोग्राफी पाहणार होते. बाळ अजून आडवंच आहे की फिरलं, ते कळलं नाही तर भरल्या दिवसांच्या तूदाला डोंगरातल्या वळणांनी चार तास न्यावं लागणार होतं.

डब्यापाशी तो सांभाळणारी तितरित लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती. सकाळी वीज गेली आणि डब्याचं घड्याळ काही वर्षं मागे पडलं होतं. घड्याळ चुकलेल्याला कंपनीचा दूरचा सर्व्हर दारातही उभं करत नाही, आणि डब्याची सगळी व्यवस्था तिथूनच लागायची. इंटरनेटवरून बरोबर वेळ मागण्याची वाट तिनंच सुरक्षेसाठी बंद केली होती. आता तिनं मोबाईलमध्ये पाहून हातानं वेळ घातली. दोनदा. दिवा नारिंगीच.

"गाडी सांगू का गं?" दाई फादमानं विचारलं.

"थोडं थांब, मावशी."

तेवढ्यात तितरितचे वडील हम्मू चहाची किटली घेऊन आले. "एक वाजून गेला, पोरी. काही खाल्लंस का?"

"दोन वाजून गेलेत, बाबा."

"ते सरकारचे. घड्याळ पुढं करताना माझ्या बकऱ्यांना कुणी विचारलं नव्हतं."

फादमा हसली. "हम्मूदादांचं आणि देशाचं फक्त रमजानात जुळतं."

"रमजानात सरकार घड्याळ मागं घेऊन परत येतं माझ्याकडं. मी आहे तिथंच आहे."

तितरितचा हात थांबला. देश ग्रीनिचच्या एक तास पुढं गेला होता. बाबा मागेच राहिले होते. आणि हे डबे, जगात कुठंही बसवा, आतून ग्रीनिचचीच वेळ पाळतात. तिनं त्याला मोबाईलची वेळ भरवली होती.

"बाबा, तुमचंच घड्याळ लावते याला," ती म्हणाली.

तिनं एक तास कमी केला. दिवा लुकलुकला, विझला, आणि हिरवा झाला. सर्व्हरनं डब्याला आत घेताच तिनं आधी ती बंद वाट उघडली. यापुढं वीज गेली तरी डबा आपली वेळ आपणच विचारून घेणार होता.

तीनला पडद्यावर डॉक्टर म्हणाले, "डोकं खाली आलंय. तिथंच होऊ द्या."

तूदानं डोळे पुसले आणि रोटी मागितली.

"सरकारच्या तीनला," हम्मू चहा ओतत म्हणाले, "पण माझ्या दोनमुळं."