पौडच्या हाटेलातली शेंगोळी

चौसष्ट सालच्या पावसाळ्यात हरभऱ्याची डाळ इतकी महागली, की पौडच्या बाजारात बायका भाव विचारून नुसत्याच पुढे सरकू लागल्या. एस.टी.च्या थांब्यासमोर जयसिंगचं पत्र्याचं हाटेल होतं आणि ते चालायचं भज्यांवर. पुण्याहून गाडी आली की उतारू आधी त्याच्या कढईकडे बघत, मग कचेरीची वाट धरत. भजी तळायची ती त्याची बायको सगुणाबाई. गिऱ्हाइकांशी बोलणं, उठबस जयसिंगकडे.

"थोडा भाव वाढवू या," सगुणाबाई म्हणाली.

"वाढीवला तर गिऱ्हाईक उठून जाईल. भजी बारीक सोड. कोण बघतंय?"

तिच्या मनाला ते पटलं नाही, पण तिने तसं केलं. बेसनाचा डबा तळाला गेलेला तिलाही दिसत होता.

बाजाराच्या दिवशी भुकूमचा कोंडिबा आला. म्हातारा कोरडवाहू शेतकरी, हाटेलाचं जुनं गिऱ्हाईक. त्याने बशी पुढे ओढली, एक भजं उचललं आणि तळहातावर ठेवून नीट निरखलं.

"सगुणा, ही भजी हायेत का बोरं?"

बाकावरची माणसं खदखदून हसली. जयसिंगही हसला, पण सगुणाबाईच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. ती चुलीपुढून उठली, कोंडिबासमोरची बशी उचलली आणि म्हणाली, "तात्या, ह्याचं पैसं देऊ नका. अशी भजी मी परत तळायची न्हाई."

"मग काय तळशील? डाळ कुटनं आणशील?" कोंडिबाने विचारलं. आता त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती. "आमच्या घरात बी डाळ न्हाई. हुलग्यावर भागतंय. गेल्या सालचा हुलगा लई पडलाय, बैलांना घालतुया अन् आमी बी खातुया."

सगुणाबाई जागीच थबकली. "विकणार का?"

"हुलगा? हाटेलात?"

"व्हय. उद्याच्या गाडीनं पोतं पाठवा."

हाटेल बंद झाल्यावर जयसिंगचा आवाज चढला. "हुलगा न्हाई चालायचा आपल्या हाटेलात. ल्हानपणी दोन्ही टायमाला तेच गिळलंय मी. आई ताटात वाढायची अन् मी भिंतीकडं तोंड करून खायचो, शेजारच्या पोरांना दिसू नये म्हणून. हाटेल काढलं ते हुलगा वाढायला न्हवं."

इतक्या वर्षांच्या संसारात हे त्याने तिला कधी सांगितलं नव्हतं.

"तुमची आई त्याचं काय करायची?"

"शेंगोळी."

"चांगली व्हायची?"

जयसिंगने मान वळवली. "चांगलीच व्हायची," तो नाइलाजाने म्हणाला.

"मग झालं तर. गरिबीची लाज वाटली तुमाला, शेंगोळीची न्हाई. मी करणार."

कोंडिबाचं पोतं आलं. सगुणाबाईने हुलगे भाजले, जात्यावर दळले. पिठात भरपूर लसूण, मिरची, मीठ घालून घट्ट मळलं, हाताने लांब वळ्या वळल्या आणि फोडणीच्या उकळत्या पाण्यात सोडल्या. तेल लागलं ते फोडणीपुरतं. भज्यांची मोठी कढई तिने उतरवून मागे भिंतीला टेकवून ठेवली होती. शेंगोळीबरोबर नाचणीची भाकरी आणि कांदा. किंमत जुन्या भज्यांइतकीच, पण माणूस पोटभर जेवून उठेल एवढं वाढायचं, असं तिने ठरवलं.

पहिल्या दिवशी उतारू दारातूनच परत फिरले. एकजण जाता जाता म्हणाला, "हुलगा तर बैल खातो."

"खातो म्हणून तर दिवसभर नांगर वढतो," सगुणाबाई आतून म्हणाली. "तुमी नुसतं एस.टी.त बसून आलात तरी दमलात."

त्या बोलण्यावर गाडीचा ड्रायव्हर भिवाजी मोठ्याने हसला आणि हसत हसतच बाकावर टेकला. "वाढा बरं मला. मुक्कामापर्यंत गाडी वढायची हाय." तो जेवला, पुन्हा रस्सा मागून घेतला आणि घाम पुसत उठला. त्याच्यामागून कंडक्टर बसला. बाकीची शेंगोळी संध्याकाळी घरातच संपवावी लागली. तरी दुसऱ्या दिवशी सगुणाबाईने पीठ कमी मळलं नाही.

बाजाराच्या दिवशी हाटेल भरलं, पण बहुतेकजण नुसता चहा पीत बसलेले. मारुंजीचे हैबतराव कचेरीच्या कामाला आले होते. मोठे बागायतदार, शब्दाला वजन असलेले. त्यांनी पातेल्यात डोकावून नाक मुरडलं आणि सगळ्यांदेखत विचारलं, "काय रे जयसिंग, लोकांना वाढतोस ते तू सोता खातोस का?"

सगुणाबाईने नवऱ्याकडे पाहिलं. इतके दिवस शेंगोळी वाढताना त्याने कुणाच्या नजरेला नजर दिली नव्हती, आणि घरीही तो तिच्याकडे पाठ करूनच जेवत होता.

जयसिंगने खांद्यावरचा टॉवेल खाली ठेवला. थाळी घेतली, स्वतःच्या हाताने वाढून घेतलं आणि हैबतरावांच्या समोरच्या बाकावर, रस्त्याकडे तोंड करून बसला. भाकरी चुरली, रस्सा ओतला.

"खातो की," तो म्हणाला. "आईनं ह्याच्यावर वाढीवलंय मला. तुमच्या मळ्यातल्या गव्हाची चव असंल भारी, पर ह्याची बी कमी न्हाई."

हैबतराव चहा संपवून निघून गेले. पण शेजारच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "सगुणाबाई, हिकडं बी एक थाळी." मग दुसरा, मग तिसरा. दुपारपर्यंत पातेलं खरवडून निघालं. जयसिंग वाढत होता आणि कुणी न विचारताच सांगत होता, की लसूण ठेचूनच घालायचा, चिरून नव्हे. त्याची आई तसं करायची.

होळीच्या सुमारास नवा हरभरा आला, डाळ खाली उतरली. सगुणाबाईने कढई घासून पुन्हा चुलीवर चढवली आणि पूर्वीसारखी मुठीएवढी भजी तळली. शेंगोळी मात्र तिने बंद केली नाही. भिवाजीची गाडी आली की ड्रायव्हर-कंडक्टर खिडकीतूनच हाताने दोन थाळ्यांची खूण करत. कोंडिबाने त्या साली डोंगराकडची पडीक पट्टी नांगरून तिथेही हुलगा पेरला, आणि सगळा हाटेलातच खपतो, बैलांसाठी आता बाजूला काढून ठेवायला लागतो म्हणून तक्रारही केली.

पुढच्या साली गोडेतेल चढलं. जयसिंग बाजारातून कपाळाला आठ्या घालून आला.

"ऐकलंस का, तेल भडकलंय."

"भडकू द्या," सगुणाबाई पीठ मळता मळता म्हणाली. "बसा जरा. तुमची आई आनखी काय काय करायची, ते सांगा."