कुणी केलेलं नव्हतं

रोझिनाच्या डाव्या जबड्यात गाठ आली तेव्हा ती शेंगदाण्याएवढी होती. आरोग्यकेंद्रातल्या माणसानं दोन दाढा उपटल्या, गाठ तशीच राहिली. सहा वर्षांत ती रताळ्याएवढी झाली. जवळच्या गोरोका शहराच्या बाजारात भाजी विकायला बसताना रोझिना तोंडावर फडकं ओढून घ्यायची. दुखत काही नव्हतं. नुसतं वाढत होतं.

"दुखत नाही आणि वाढतंय, म्हणजे कुणीतरी केलंय, करणी आहे ही," नवरा केना म्हणाला. "तुझं कुणाशी वाजलं होतं?"

वाजलं होतं शेजारच्या नेम्बारेशी. नेम्बारे विधवा, पोटी मूल नाही. तिची डुकरीण रोझिनाच्या मळ्यात शिरली, एवढंच कारण. पण अंगणात सगळं गाव जमलं, केनाच्या भावानं नेम्बारेचं नाव घेतलं आणि सगळे रोझिनाकडे बघायला लागले. सहा वर्षं तिला उत्तर हवं होतं. तिनं मान हलवली.

त्याच दुपारी नेम्बारेचं घर जाळलं. म्हातारी अंगावरच्या कपड्यानिशी टेकडी उतरून गेली.

गाठ वाढतच राहिली. केनानं दुसरी बायको आणली. शेवटी रोझिनाच्या भावानं तिला मोठ्या हॉस्पिटलात नेलं. डॉक्टरीणबाईंनी गाठीचा तुकडा तपासायला पाठवला.

"कॅन्सर नाही," त्या म्हणाल्या. "दात जिथून उगवतो तिथलीच ही गाठ. लवकर आली असतीस तर थोडक्यात निभावलं असतं. आता अर्धा जबडा काढायला लागेल."

"पण केलं कुणी?"

"कुणी नाही गं. आपोआप होते."

अर्धा जबडा काढला, त्या जागी कमरेचं हाड बसवलं. बरी झाल्यावर रोझिनानं नेम्बारेला शोधून काढलं. शहराच्या कडेला, पत्र्याच्या आडोशाला ती सुपारी विकत बसली होती.

"मावशी, कुणी केलेलं नव्हतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या."

"मला तेव्हाच ठाऊक होतं. तुला कळायला डॉक्टरीण लागली."

"गावात सगळ्यांना सांगते. तू परत ये."

"कुठे येऊ? तुझ्या दिरानं माझ्या जागेत कॉफी लावलीय." नेम्बारेनं तोंड फिरवलं. "गिऱ्हाईक येतंय. सरक."

रोझिना गावी गेली. जीभ धड वळत नव्हती, तरी प्रत्येक घरी जाऊन तिनं सांगितलं. शेवटी अंगणात माणसं जमली तेव्हा केनानंही ऐकून घेतलं आणि भावाच्या पाठीवर थाप मारली.

"बघितलंस? म्हातारी गेली, आणि गाठ गेली."




रोझिना पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागली. तोवर माणसं उठून मळ्याकडे निघाली होती.