फटाकडीचे पाय

पंच्याऐंशीच्या त्या पावसाळ्यात वनमालाला सोमवारपर्यंत पुरावा हवा होता. मुलुंडच्या मिठागरामागच्या पाणथळीत फटाकडी पिल्लं काढते, असं ती दोन वर्षं सांगत होती आणि तिचे प्रबंधाचे मार्गदर्शक दोन वर्षं नकारार्थी मान हलवत होते. "पाणकोंबडीची पिल्लं असतील. तू फटाकडी पाहिलीस का?" पाहणार कशी? मुठीएवढा हा पक्षी लव्हाळ्यात असा दडतो, की पायाशी असला तरी दिसायचा नाही. सोमवारी पुरावा नसेल तर विषय बदल, असं सरांनी सुनावलं होतं.

वनमालाही हट्टाला पेटली. पक्षी दिसत नाही ना, मग त्याचे पाय दाखवू! चाळीखालच्या काशीरामकाकांच्या गणपतीच्या कारखान्यातून तिने चिखलातल्या ठशांत ओतून साचे काढायला प्लास्टर मागून आणलं. चतुर्थी आठवड्यावर आलेली, काकांना मान वर करायला फुरसत नव्हती, तरी ते ओरडले, "गोडा पाणी घे हां, चेडवा! खाऱ्यात झटकन धरता!"

रविवारी सकाळी लव्हाळ्यातल्या चिखलात ठसे सापडले. आणि आनंदाच्या भरात बाईसाहेबांनी डबा बुडवला तो थेट खाडीच्या पाण्यात. ओतायच्या आत अर्धं प्लास्टर डब्यातच दगड झालं. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावी असं तिला वाटलं. प्यायचं पाणी तर केव्हाच संपलं होतं, आणि भरती चढू लागली होती.

थर्मासमध्ये चहा होता. उरलेलं प्लास्टर तिने त्यातच कालवलं आणि ठशांवर ओतलं. पण साखरेमुळे ते धरता धरेना. मग तिने हातांनीच भोवती चिखलाचा बांध घातला, त्याला पाठ लावून बसली आणि फुटेल तिथे लिंपत राहिली. पाणी कमरेला लागलं, पायांना मुंग्या आल्या, पण बाई हलली नाही. तासाभराने तिने नखाने टोकरून पाहिलं. धरलं होतं!

सोमवारी सरांनी पट्टी घेऊन ठशातली बोटं मोजली, संग्रहालयातल्या फटाकडीच्या मापांशी ताडून पाहिली. मोठ्या ठशाशेजारी तीन इवलेसे ठसे होते.

"पाणकोंबडी नाही ही," ते हळूच म्हणाले. "पण हा रंग कसला?"

"चहाचा, सर. दुसरं काही नव्हतं."

सरांनी चष्मा काढून पुसला.

"मग प्रबंधात तसंच लिही. पद्धत नीट लिहावी लागते."